पैसे भरायची खिडकी

ग्रिम्स्बीच्या इस्पितळात पहिल्या दिवशी
मी पैसे भरायची खिडकी शोधत होते.
सवयीनं.
तळमजला पाहिला, एक्स-रेच्या मागचा जिना पाहिला,
शेवटी झाडलोट करणाऱ्या डोरीनला विचारलं.
ती म्हणाली, चहाचे का? ते मशीन तिकडे.

मिरजेत आमच्या तात्यांना स्ट्रेचरवर ठेवून
थोरला भाऊ तसल्या खिडकीशी उभा होता
पाऊण तास.
आत एक बाई नोटा मोजत होती,
अंगठा ओला करून, न घाईनं.
तिचा तरी काय दोष.
पावती निघाली तेव्हा
ती कुणाच्या नावानं फाडायची, एवढाच प्रश्न उरला होता.

म्हणून माझं राजकारण फार थोडं आहे:
ती खिडकी नको.

रात्रपाळी. कॉरिडॉरमध्ये अकरा ट्रॉल्या.
सातवीवर नॉर्मन ब्लँचर्ड, वय ब्याऐंशी, छातीत पाणी,
उभं आयुष्य मासेमारीच्या बोटीवर, आइसलंडच्या अंगाला.
एकोणीस तास तो ट्यूबलाइटखाली पडून आहे.
त्याला लघवीला लागली की मी चादर धरते आडोशाला
आणि येणारेजाणारे सभ्यपणे दुसरीकडे बघतात.
इथल्या लोकांना हे छान जमतं.

तो म्हणतो, पंधराव्या वर्षापासून पगारातून भरतोय मी,
मग माझी खाट नेली कुणी?
आणि दारात पडलेलं पत्रक आठवून:
फार माणसं आली ना बाहेरून.
तू नव्हेस, पोरी. बाकीचे.

बाकीचे म्हणजे
त्याच्या छातीचा फोटो काढणारा कोट्टयमचा शिनोज,
त्याचं रक्त लॅबला नेणारी घानाची अकोसुआ,
आणि पहाटे येईल ती डॉक्टर, सुदानची, रोज्याची.
मी बोलले नाही. त्याची नस सापडत नव्हती,
आणि नस शोधताना वाद घालू नये.

इथे बोलते.
नॉर्मन, तुझी खाट बोटीतून आलेल्या कुणी नेली नाही.
टाय लावलेल्यांनी नेली, दर बजेटात दोन-दोन,
मुंग्या साखर नेतात तशी.
वरचा वॉर्ड बंद आहे, तिथे फायलींचे खोके झोपतात.
त्याच्याही वर बऱ्या झालेल्या म्हाताऱ्या महिनाभर अडकून,
कारण घरी त्यांना उठवायला, न्हाऊ घालायला कुणी नाही,
आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे
हे घोंगडं
मी आले त्याच्या आधीपासून भिजत पडलंय.
कर माझाही कापला जातो. तुझ्यासाठी. कापू दे.

त्याच दुपारी मी मत देऊन आले होते.
पासपोर्ट अजून भारताचा;
जुन्या साम्राज्याची एवढी एक उधारी हे लोक फेडतात.
चर्चच्या हॉलात सुतळीला बांधलेली बुटकी पेन्सिल.
फुली मारली, बाहेर आले, बोट पाहिलं.
शाई नाही.
दिलं की नाही, अशी रुखरुख बसस्टॉपपर्यंत.

जिंकलं कोण, विचारू नका.
पहाटे टीव्हीवर जिंकलेलेही म्हणत होते,
सगळे पर्याय खुले आहेत.

सकाळी एक माणूस ड्रिल घेऊन आला.
कॉरिडॉरच्या भिंतीवर पाट्या बसवू लागला,
सी-एक, सी-दोन.
नॉर्मनच्या डोक्यावर सी-सात आली.
तो खूश. म्हणाला, पत्ता मिळाला बघ मला.
मी त्याच्या चादरीवरचा भुगा झटकला.
ज्याला नंबर मिळतो ते तात्पुरतं राहत नाही,
हे मला नगरपालिकेच्या शाळेतल्या
पत्र्याच्या वर्गापासून ठाऊक आहे.

लिफ्टशेजारी भिंतीचा एक तुकडा अजून मोकळा आहे,
बरोबर एका खिडकीएवढा.
पाळी संपली की
मी तिथे एक रिकामी व्हीलचेअर
लावून ठेवते. ब्रेक घालून.